टाचण्या

तुरपाईला वेळच उरला नाही.
साडेसातला तहसीन हॉस्टेलखाली हॉर्न वाजवायली
आणि माझ्या घेराला नुसत्या एकेचाळीस टाचण्या.
"आज मी कुठंच बसणार नाही," म्हटलं.
"हौ, स्कूटीपे भी खडीच आ."
मग घेर दोन्ही हातांनी उचलून
टीव्ही सेंटरपासून पैठण गेटपर्यंत
वारा पोटाशी धरून आले.

कॉलेजात सर म्हणतात रॅम्प, रॅम्प.
आमचा रॅम्प इथून गुलमंडीकडं,
मधे गटारीचं एक हलणारं झाकण,
डाव्या हाताला चपलांच्या गाड्या,
आणि लाईट म्हणाल तर
मोबाईलच्या दुकानांचे, फुकट.

सुशेन आधीच येऊन उभा.
अंगात बारदानाचं जाकीट,
परतूरच्या जिनिंगमधून आणलेलं,
पाठीवर गाठीचा नंबर अजून निळ्या शाईत.
आतून हिमरूचं अस्तर:
तहसीनच्या मामूंच्या मागाखाली पडलेले तुकडे,
मामू ज्याला कतरन म्हणतात
आणि ती, माल.
अस्तर कुणाला दिसत नाही.
म्हणून सुशेन दर वीस पावलांवर
घाम पुसायचं निमित्त काढून
जाकीट उघडतो.

चौथा क्वाबेना, एम.बी.ए.ला आहे,
विद्यापीठाच्या मागं खोली करून राहतो.
त्यानंच मागं सांगितलं होतं
की त्याच्या कुमासीत कापडाला नाव असतं, माणसासारखं.
बाई दुकानात जाते आणि नावानंच मागते.
कुठलं कापड म्हण असतं, कुठलं टोमणा.
नवऱ्याला न बोलता सुनवायचं एक,
शेजारणीनं बघून जळावं म्हणून एक.
आणि शनिवारी संध्याकाळी
शिंप्याकडून कपडे घेऊन सरळ बाहेर,
इस्त्रीची ऊब अंगावर असतानाच नाच सुरू.
पुढंही काहीतरी म्हणाला तो,
पण आम्ही रसवंतीपाशी उभे होतो,
ते सगळं चरख्याच्या घुंगरांत गेलं.

तेव्हापासून असं आहे:
गाव आम्हाला नावं ठेवतं,
आम्ही कापडाला.
सुशेनच्या जाकिटाचं नाव 'भाव पडला तरी'.
तहसीनचा काळा कुर्ता, बाहीवर एकच जांभळी रेघ:
'अम्मी जाग रई'.
क्वाबेनाच्या शर्टाचं नाव त्याच्या आजीनं ठेवलंय,
अर्थ विचारला की तो लाजतो.
माझ्या घेराचं काही ठरत नव्हतं.

"काय गं, नाटक हाय का कुठं?" भेळवाला.
एक पोरगं मागं मागं, मोबाईल वर धरून.
एक म्हातारे गृहस्थ सायकलवरून उतरले,
नीट बघितलं,
परत चढले.

आणि एक बाई,
हातात दोन पिशव्या, दातात रिक्षाची चिल्लर नोट,
वाकून सरळ माझ्या घेरालाच हात घातला तिनं.
"कितीला पड..." म्हणेपर्यंत टोचलं.
बोट तोंडात, नोट खाली.
मला वाटलं आता शिव्या.
ती हसायली. "अगं बया,
हे तर अजून शिवायचंच हाय की!"
मग तिथंच, चपलांच्या गाडीपुढं उकिडवी बसली,
"फॉल-पिको करते मी, गारखेड्यात. हल नको.
उभ्या कामून लावल्यास? आडव्या लाव,
टोक कापडाच्या पोटात गेलं पाहिजे."
चार टाचण्या नीट केल्या,
पाचवी करताना तिची रिक्षा आली.

सुशेन म्हणाला, ठरलं नाव.
'अजून शिवायचंय'.

दहाला पाच मिनिटं कमी असताना गेट.
"कुठं गेल्तीस प्रयाग?"
"बाहेर, मॅडम."
"ह्या कपड्यात?"
"ह्या कपड्यासाठी."
वही पुढं सरकवली त्यांनी, सही घेतली,
आणि मी वळल्यावर हळूच:
"मागून जरा लांब झालाय."

खोलीत घेर उतरवून मोजल्या.
अडतीस.
एखादी त्या बाईच्या पदरात गेली असेल.
बाकीच्या दोन पैठण गेट ते गुलमंडी,
कुठंतरी लाईटखाली.
उद्या रविवार. सुई ओवून ठेवलीय,
झोप येत नाही.